यंत्र थांबवण्याचा अधिकार कोणाचा?

(व्याख्यानाचा मजकूर)



मोठा औद्योगिक अपघात घडल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत जी निवेदने प्रसृत होतात, त्यांत ‘दुर्दैवी’ हा शब्द हटकून आढळतो. मंत्री तो वापरतात, कंपनीचे प्रवक्ते वापरतात आणि वृत्तपत्रांनाही तो सोयीचा असतो. कारण दैवावर खटला भरता येत नाही. चार दिवसांनी चौकशीची भाषा सुरू झाली की दुसरा शब्दप्रयोग पुढे येतो: ‘मानवी चूक’. येथे मानव म्हणजे बहुधा तो कामगार, ज्याचा हात त्या रात्री झडपेला शेवटचा लागला. एकीकडे दैव आणि दुसरीकडे हा हात. या दोहोंच्या मध्ये जो विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे, तेथे संचालक मंडळाच्या बैठका होतात, अंदाजपत्रके मंजूर होतात, पाळीवरची माणसे कमी केली जातात आणि दुरुस्तीची कामे पुढच्या तिमाहीवर ढकलली जातात. चौकशीचा प्रकाश त्या प्रदेशावर क्वचितच पडतो. औद्योगिक सुरक्षिततेचा राजकीय विचार करावयाचा तर त्याची सुरुवात तेथूनच करावी लागेल.

रासायनिक कारखाने, तेलविहिरी, खाणी, अणुवीजकेंद्रे यांना अतिजोखमीचे उद्योग म्हणतात, ते केवळ तेथील द्रव्ये घातक असतात म्हणून नव्हे. चार्ल्स पेरो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८४ साली, म्हणजे भोपाळच्याच वर्षी, ‘नॉर्मल अ‍ॅक्सिडेंट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने अशा उद्योगांची दोन लक्षणे सांगितली. पहिले, त्यांचे भाग एकमेकांशी इतक्या गुंतागुंतीने जोडलेले असतात की दोन किरकोळ बिघाड एकत्र आल्यास काय होईल याची कल्पना आधी कोणालाच नसते. दुसरे, हे भाग इतके घट्ट बांधलेले असतात की एकदा बिघाड सुरू झाला की विचार करायला उसंतच मिळत नाही. कापडगिरणीत धागा तुटला तर माग थांबतो आणि कामगार तो जोडतो. रसायनाच्या टाकीत प्रक्रिया सुरू झाली तर ती कोणाच्या सवडीची वाट पाहत नाही.

अशा व्यवस्थेला संकटात तगवून धरते ती तिच्यातील शिल्लक. एक पंप बंद पडला तर दुसरा तयार, एक टाकी भरली तर दुसरी रिकामी, एक माणूस गोंधळला तर शेजारी दुसरा जाणता माणूस उभा, आणि कारखान्याची भिंत व पहिली वस्ती यांच्यामध्ये मोकळी जमीन. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला हात न लावणारा शेतकरी हे तत्त्व जाणतो. परंतु नफ्याच्या हिशेबात या शिल्लकीचे नाव ‘उधळपट्टी’ असे असते. रिकामी टाकी म्हणजे अडकून पडलेले भांडवल, दुसरा माणूस म्हणजे फुकटचा पगार, मोकळी जमीन म्हणजे बुडालेले भाडे! यातील प्रत्येक काटछाटीची बचत महिनाअखेरीस आकड्यांत दिसते. उलट, न झालेल्या अपघाताची नोंद कोणत्याच खातेवहीत होत नाही. कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहून दाखवले होते की, जो खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलता येतो तो उद्योजकाच्या ताळेबंदात येत नाही. विद्यापीठीय अर्थशास्त्र याला ‘बाह्य परिणाम’ असे सोज्वळ नाव देते. बाह्य म्हणजे कोणाच्या बाहेर, हा प्रश्न मात्र परीक्षेत विचारला जात नाही.

काटछाटीचा आणखी एक गुण असा की ती स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते. संरक्षक यंत्रणा बंद केली आणि महिनाभर काही झाले नाही, तर ती यंत्रणा अनावश्यक होती असे सिद्ध झाले असे समजले जाते. दुसऱ्या महिन्यात दुसरी यंत्रणा बंद होते. ‘इतके दिवस काय झाले?’ हा प्रश्न विचारणारा व्यवस्थापक खोटे बोलत नसतो. तो अनुभवाच्या आधारे बोलत असतो, आणि हाच धोका आहे.

भोपाळचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. चाळीस वर्षांत त्याविषयी इतके बोलले गेले आहे की त्याचे एक स्मारक झाले आहे, आणि स्मारकांकडे कोणी बारकाईने पाहत नाही. युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीत अमेरिकन मूळ कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के होता. सेव्हिन नावाच्या कीटकनाशकासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट हे विषारी द्रव्य १९८० पासून भोपाळच्या कारखान्यातच तयार होऊ लागले. कीटकनाशकाचा खप अपेक्षेप्रमाणे झाला नाही, कारखाना तोट्यात गेला आणि काटकसरीचा हुकूम निघाला. मिथिल आयसोसायनेट विभागात पाळीवरील कामगारांची संख्या निम्म्यावर आली. देखभालीची माणसे कमी झाली. रात्रपाळीवरील देखभाल-पर्यवेक्षकाचे पद तर अपघातापूर्वी काही दिवसच रद्द करण्यात आले होते. नव्या माणसांच्या प्रशिक्षणाचा काळ महिन्यांवरून दिवसांवर आला. जुने, अनुभवी कामगार दुसऱ्या विभागांत गेले किंवा नोकरी सोडून गेले.

इशारे मिळाले नव्हते असे नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जिन वायूच्या गळतीने एका कामगाराचा मृत्यू झाला. १९८२ च्या मे महिन्यात मूळ कंपनीच्याच तज्ज्ञांनी कारखान्याची पाहणी करून अनेक गंभीर उणिवा नोंदवल्या. त्याच वर्षी कामगार संघटनेने शहरात भित्तिपत्रके लावून हजारो नागरिकांचे प्राण धोक्यात असल्याचे सांगितले. राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून १९८२ मध्ये लागोपाठ लेख लिहून शहराला सावध करण्याचा प्रयत्न केला. साप्ताहिकाचा खप तो किती असणार! विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा श्रममंत्र्यांनी कारखान्यात गुंतलेल्या कोट्यवधी रुपयांचा हवाला दिला आणि धोका नसल्याची ग्वाही दिली. पैसे गुंतले आहेत म्हणून धोका नाही, हे तर्कशास्त्र तेव्हाही कोणाला विचित्र वाटले नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होते. अशी टाकी निम्म्याच्या आसपासच भरावी असा दंडक असताना ती त्याहून बरीच अधिक भरलेली होती. हे द्रव्य थंड ठेवावे लागते. परंतु शीतकरण यंत्रणा सहा महिन्यांपूर्वीच बंद करून तिच्यातील द्रव दुसऱ्या कामासाठी काढून घेतला होता. टाकीत पाणी शिरले, प्रक्रिया सुरू झाली, उष्णता आणि दाब वाढत गेला. बाहेर पडणारा वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर राखीव अवस्थेत ठेवलेला होता. वायू जाळून टाकणारा फ्लेअर मनोरा चालू नव्हता, कारण त्याच्या नळीचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे मारले गेले, पण वायू ज्या उंचीवरून बाहेर पडत होता तेथपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. आणीबाणीत वापरण्यासाठी रिकामी ठेवायची टाकीही पूर्णपणे रिकामी नव्हती. म्हणजे एकामागून एक अशा पाच भिंती उभ्या होत्या आणि त्यांतील प्रत्येक भिंतीला आधीच भगदाड पाडून ठेवले होते. हे सारे कोणी एका रात्रीत केले नव्हते.

कंपनीने पुढे असा दावा केला की, एका नाराज कामगाराने टाकीत मुद्दाम पाणी सोडले. कामगार आणि अनेक स्वतंत्र अभ्यासक असे सांगत आले की, नळ्या धुताना पाणी अडवणारी चकती बसवली गेली नव्हती आणि पाणी तेथून आत गेले. हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. कंपनीचे म्हणणे क्षणभर खरे मानले तरी मूळ प्रश्न जागच्या जागीच राहतो. एका माणसाने सोडलेले पाणी हजारो माणसांचा जीव घेऊ शकते, अशी अवस्था कोणी निर्माण केली? शीतकरण त्या नाराज कामगाराने बंद केले नव्हते, आणि रात्रीच्या पर्यवेक्षकाचे पद रद्द करण्याचा अधिकार तर त्याला असणेच शक्य नव्हते.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. कारखान्यातील कामगारांना वाऱ्याची दिशा पाहून उलट दिशेने पळावे हे ठाऊक होते, आणि त्यांतील बहुतेक जण बचावले. भिंतीबाहेरच्या वस्त्यांतील लोकांना ते कोणी सांगितलेच नव्हते. ते वायूच्या ढगाबरोबरच धावत राहिले. ओले फडके तोंडावर धरले तरी काही बचाव होतो, ही साधी माहितीही त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. लोक उगाच घाबरू नयेत म्हणून नागरिकांसाठी असलेला भोंगा कारखान्याच्या अंतर्गत भोंग्यापासून वेगळा केलेला होता. त्या रात्री तो काही मिनिटे वाजला, बंद झाला आणि पुन्हा मोठ्याने वाजू लागला तेव्हा शहरभर वायू पसरला होता. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांना आपण कशावर उपचार करीत आहोत हेच कळत नव्हते. जगण्याचे ज्ञान भिंतीच्या आत होते आणि मरण भिंतीच्या बाहेर गेले.

मध्य प्रदेश सरकारने नंतर ३,७८७ मृत्यू निश्चित केले. पीडितांच्या संघटना हा आकडा कितीतरी अधिक सांगतात. २००६ साली शासनाने शपथपत्रात जखमींची संख्या ५,५८,१२५ अशी दिली. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि ती जाहीर होताच कंपनीच्या समभागाचा भाव वर गेला. शेअर बाजार भावनाशून्य असतो असे म्हणतात. पण येथे त्याने मनातले सांगून टाकले. बहुसंख्य जखमींच्या वाट्याला २५ हजार रुपये आले, तेही अनेक वर्षांनी. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. मार्च २०२३ मध्ये वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला जाळण्यासाठी हलवला गेला तो २०२५ च्या जानेवारीत, आणि तेव्हा पिथमपूरचे लोक रस्त्यावर आले. भोपाळच्या लोकांना १९८४ मध्ये जो प्रश्न विचारण्याची संधी मिळाली नव्हती, तोच ते विचारीत होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर अपघाताची किंमत जेथे इतकी स्वल्प ठरते, तेथे सुरक्षिततेवर खर्च करणारा उद्योजक बाजारात मूर्ख ठरतो. दिल्लीत श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियमची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी ‘संपूर्ण दायित्वा’चे तत्त्व मांडले: धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला कोणतीही सबब सांगता येणार नाही. तत्त्व उत्तम होते. परंतु १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने तातडीच्या मदतीचे कोष्टक केले, त्यात मृत्यूबद्दलची रक्कम २५,००० रुपये धरली होती. न्यायमूर्तींचे तत्त्व आणि कायद्याचे कोष्टक यांच्यातील अंतर हेच आपल्या औद्योगिक धोरणाचे खरे मोजमाप आहे.

भोपाळमधील कामगारांना धोका कळत होता. थांबवण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता. ही गोष्ट केवळ मागासलेल्या देशांची नाही. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पाइपर अल्फा या तेल-वायू फलाटावर स्फोट होऊन १६७ माणसे मेली. एका पंपाची सुरक्षा झडप दिवसपाळीने दुरुस्तीसाठी काढली होती. तो पंप चालू करू नये ही माहिती कामाच्या परवान्यांच्या कागदांत राहिली, रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही, आणि दुसरा पंप बंद पडताच पहिला सुरू करण्यात आला. येथवर ही ‘मानवी चूक’ म्हणता येईल. पण पुढे काय झाले? पाइपरला नळ्यांनी जोडलेले क्लेमोर आणि टार्टन हे शेजारचे फलाट, पाइपर पेटला आहे हे ठाऊक असूनही, ताबडतोब बंद झाले नाहीत. उत्पादन थांबवणे म्हणजे प्रचंड नुकसान. ते आपल्या जबाबदारीवर करावे की किनाऱ्यावरील वरिष्ठांना विचारावे, या घोळात आगीला इंधन मिळत राहिले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये या विलंबावर स्पष्ट बोट ठेवले. जगातील अत्यंत प्रगत तंत्रज्ञान हाताशी असलेली माणसे एक बटण दाबण्यासाठी परवानगीची वाट पाहत होती.

आपल्याकडे मे २०२१ मध्ये मुंबईच्या समुद्रात तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा निवासी तराफा बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ वाचले. वादळाचा इशारा आधीच आलेला होता, तरी तराफा बंदरात परतला नाही. त्यावर राहणारे बहुसंख्य कामगार कंत्राटदारांचे होते. ‘आम्हांला किनाऱ्यावर न्या’ असे म्हणण्याचा त्यांना कोणता कायदेशीर अधिकार होता, याचा शोध घेतला तर हाती काही लागत नाही.

यावर एक सोपे उत्तर समाजवादी कार्यकर्त्याच्या ओठांवर येते: उद्योग समाजाच्या मालकीचे करा, नफ्याची प्रेरणा जाईल आणि सुरक्षितता येईल. हे उत्तर अपुरे आहे आणि ते तसे आहे हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. धनबादजवळील चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या जुन्या खोदकामात साठलेले पाणी फुटून आत आले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडून मेले. त्या कंपनीचे व्यवस्थापन १९७२ पासून सरकारच्या हाती होते. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या ज्या पेट्रोरसायन संकुलात वायूचा स्फोट झाला, ते तेव्हा सार्वजनिक क्षेत्रातच होते. चेर्नोबिलमध्ये तर खाजगी भागधारक नावाला नव्हता. तेथील चाचणी २५ एप्रिल १९८६ रोजी दिवसा व्हायची होती; कीव्हच्या वीजनियंत्रकाला वीज हवी होती म्हणून ती कित्येक तास पुढे ढकलली गेली आणि तिची पुरेशी तयारी नसलेल्या रात्रपाळीच्या माथी आली. अणुभट्टीच्या रचनेतील दोष तज्ज्ञांना आधीपासून माहीत होते. ती चालवणाऱ्यांना ते सांगितले नव्हते. उत्पादनाचे लक्ष्य हे नफ्याइतकेच निष्ठुर धनी ठरू शकते, आणि गुपिताला तर मालकीचा प्रकार आड येत नाही. मालकी बदलली पण पाळीवरच्या माणसाच्या हाती ना माहिती आली ना नकाराचा अधिकार, तर कारखान्याच्या फाटकावरची पाटी तेवढी बदलते.

मग नकाराचा अधिकार जगात कोठे आहे काय? स्वीडनमध्ये कामगारांनी निवडलेल्या सुरक्षा प्रतिनिधीला १९७४ पासून असा अधिकार आहे की, जिवाला तातडीचा व गंभीर धोका दिसल्यास आणि मालकाकडून त्वरित उपाय होत नसल्यास त्याने काम थांबवावे. शासकीय निरीक्षक निर्णय देईपर्यंत ते थांबलेलेच राहते. त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच्याकडून मागता येत नाही. जेथे संघटना उभी राहू शकत नाही अशा लहान आस्थापनांसाठी कामगार संघटनांनी नेमलेले प्रादेशिक प्रतिनिधी फिरतात. या व्यवस्थेने स्वीडनचे कारखाने बंद पडले नाहीत, हे येथे नमूद करायला हवे. कारण भारतात ही मागणी केली की पहिला आक्षेप ‘उद्या कामगार रोज यंत्र बंद करतील’ असा येतो. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कामगाराला रोजंदारी बुडण्याची किती भीती असते, हे कधी पाहिलेले नसते.

भारतात भोपाळनंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरली. धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. तातडीचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या व त्याच वेळी निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कागदावर हे थोडेथोडके नव्हते. मात्र शब्द नीट वाचले पाहिजेत: हक्क सांगण्याचा मिळाला, थांबवण्याचा मिळाला नाही.

तो अधिनियम आता इतिहासजमा झाला आहे. सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. वीज वापरणारा कारखाना पूर्वी १० कामगारांपासून कायद्याच्या व्याख्येत येत असे, आता २० पासून येतो. विजेशिवाय चालणारा २० ऐवजी ४० पासून. धोकादायक कामांसाठी सरकार अधिसूचना काढून ही मर्यादा ओलांडू शकते, परंतु कायद्याचा नियम आणि सरकारची मर्जी यांत फरक असतो. सुरक्षा समिती कोठे असावी हेही सरकारी आदेशावर सोपवण्यात आले आहे. निरीक्षकाचे नाव बदलून त्याला ‘निरीक्षक-तथा-सुलभकर्ता’ करण्यात आले. कोणासाठी काय सुलभ करायचे, याचा खुलासा नावातच झाला आहे! धोका कळवण्याचा कामगाराचा हक्क राहिला; मालकाला तो धोका पटला नाही तर प्रकरण याच सुलभकर्त्याकडे जाते आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. तो निर्णय येईपर्यंत यंत्र थांबलेले असावे की चालू, यावर संहिता मौन पाळते.

आणि धोका तर याच लहान कारखान्यांत साठत चालला आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन १२ जण मृत्युमुखी पडले. धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. जवळपास आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्याची रासायनिक भट्टी फुटली आणि दहाहून अधिक माणसे गेली. दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. वसाहत वसली तेव्हा कारखाने आणि घरे यांच्यात मोकळी जागा होती. ती जागा म्हणजेच प्रारंभी म्हटलेली शिल्लक. जमिनीचा भाव वाढत गेला तशी ती चौरसफुटांनी विकली गेली. मोठ्या कंपन्यांची जोखमीची कामे लहान कारखान्यांकडे सरकतात आणि तेथे ती कंत्राटी कामगाराच्या वाट्याला येतात. तो परप्रांतातून किंवा खेड्यातून आलेला असतो, ठेकेदार बदलला की त्याचा कारखाना बदलतो, आणि कालच्या पाळीत कोणती झडप गळत होती हे त्याला सांगणारा कोणी नसतो. भोपाळमध्ये अनुभवी माणसे काढून टाकावी लागली होती. येथे अनुभव साठूच द्यायचा नाही, अशी रोजगाराची पद्धतच रूढ झाली आहे.

या चित्रात कामगार चळवळीचा वाटाही तपासला पाहिजे. अनेक कारखान्यांत धुळीत आणि रसायनांत काम करणाऱ्यांना गूळ किंवा दूध देण्याची प्रथा आहे. त्याने फुप्फुसे स्वच्छ होतात असा समज आहे; त्याला वैद्यकीय आधार नाही. असाच दुसरा प्रकार ‘धोका भत्त्या’चा. वेतनकरारात धोका भत्ता वाढवून घेतला की संघटनेला विजय मिळाल्यासारखे वाटते. पण भत्ता घेणे म्हणजे धोका विकत देणे होय. एकदा त्याची किंमत ठरली की तो दूर करण्याची निकड मालकालाही उरत नाही आणि संघटनेलाही. उत्पादनाशी जोडलेल्या बोनससाठी यंत्रावरचे संरक्षक आवरण कामगारांनीच काढून ठेवलेले असते, हे ज्या कार्यकर्त्याने कारखाना आतून पाहिला आहे त्याला सांगावे लागणार नाही. मजुरीचा दर असा ठरवला गेला असेल की सुरक्षितपणे काम केले तर पोट भरत नाही, तर दोष त्या हाताचा नाही. पण तसा दर करारात मान्य करणारी सही संघटनेचीही असते.

म्हणून पुढच्या वेतनकरारांत भत्त्याच्या रकमेआधी तीन कलमे यावीत. पाळीवरील माणसांची किमान संख्या लेखी ठरावी आणि तीत कंत्राटी कामगार मोजले जाऊ नयेत. दुरुस्तीसाठी बंद केलेल्या प्रत्येक संरक्षक यंत्रणेची नोंद पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या कामगार प्रतिनिधींच्या सह्यांनी व्हावी. आणि निवडलेल्या प्रतिनिधीने काम थांबवल्यास त्या काळाची मजुरी सर्वांना, कंत्राटी कामगारांनाही, मिळावी. कायद्याने जे दिलेले नाही ते कराराने मिळवता येते. आठ तासांचा दिवसही अनेक ठिकाणी आधी करारानेच आला होता. राज्य सरकारकडे मागणी करायची ती अशी की, धोकादायक रसायने हाताळणारा कारखाना पाच कामगारांचा असला तरी त्याला संहितेखाली आणावे आणि अशा वसाहतींसाठी कामगार संघटनांचे फिरते सुरक्षा प्रतिनिधी नेमावेत.

फाटकाबाहेर करण्याजोगे एक काम तर आजच हाती घेता येईल. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या जोखमीच्या कारखान्याने परिसरातील रहिवाशांना संभाव्य अपघाताचे स्वरूप, सुरक्षिततेचे उपाय आणि अशा वेळी काय करावे व काय करू नये हे सांगितलेच पाहिजे. कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन योजनेची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची आहे. डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे, पाताळगंगा येथील कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन ती योजना मागावी. कोणत्या चाळीतल्या, कोणत्या पाड्यावरच्या किती लोकांना माहिती दिली गेली आणि मागचा सराव केव्हा झाला, याची लेखी उत्तरे घ्यावीत. मग ती उत्तरे घेऊन त्याच चाळीत जावे आणि भोंगा वाजला तर कोणत्या बाजूला जायचे हे तेथील एखाद्या बाईला विचारावे.